जुन्या गिटारीचं लाकूड ओळखताना

गेल्या श्रावणात बेळगावच्या कॅम्पातल्या एका आंटींनी गिटारीची पेटी माझ्या टेबलावर ठेवली आणि उघडायच्या आधीच बजावलं, "मिस्त्री, ही ब्राझीलच्या रोजवूडची आहे हां. जपून." त्यांचे मिस्टर बोटीवर होते. 1970 नंतर केव्हातरी स्पेनच्या बंदरातून येताना त्यांनी ती आणली होती. आतल्या चिठ्ठीत 'व्हॅलेन्सिया' एवढंच वाचता येत होतं, बाकीचं कसरीनं खाल्लेलं. तबलीला वीतभर भेग, घोडी एका बाजूनं उचकटलेली, पाठीचा सांधा कमरेपाशी सुटलेला. आंटींची मुलगी लिस्बनला असते, गिटार तिला द्यायची होती. म्हणून लाकूड कुठलं हे नुसतं हौसेचं उरलं नव्हतं. ते का, ते पुढं येईल.

मी मूळचा बाजाची पेटी दुरुस्त करणारा. वडील खानापुरात आरा गिरणीवर होते, त्यामुळे लाकडाचा वास ओळखायला मी पाटी-पेन्सिलच्या आधी शिकलो. पुढे मिरजेला तीन वर्षं सतारीच्या कामावर हाताखाली राहिलो. गिटारी माझ्याकडे उशिरा आल्या, बहुतेक चोर्ला घाट चढून गोव्याकडून. म्हणून मी गिटारीच्या पुढच्या पाटीला तबली म्हणतो, ब्रिजला घोडी आणि फ्रेटला पडदे. गिटार वाजवणारी पोरं हसतात. हसू देत.

सामान फार लागत नाही. सोनार वापरतात ते 10 पट मोठं दाखवणारं भिंग (मी शहापुरातल्या एका सोनाराकडून जुनं घेतलं), नवं दाढीचं पातं, कानात घालायच्या कापसाच्या काड्या, थोडं स्पिरिट, बारीक टॉर्च आणि दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला दांडीचा आरसा. नोटा तपासायची निळी टॉर्च असली तर उत्तम. पण ह्या सगळ्याहून मोठी वस्तू म्हणजे नमुन्यांची पेटी. शिसव, सागवान, बिबळा, तून, ऐन, देवदार ह्यांचे काडेपेटीएवढे तुकडे, प्रत्येकाचं एक तोंड (म्हणजे आडवा छेद) पात्यानं साफ कापलेलं, मागं पेन्सिलीनं नाव. आपल्या भागात हे फुकटात जमतं. मोडका शिसवी पलंग, जुन्या पेटीच्या पट्ट्या, दाराची सागवानी चौकट, हे सगळं भंगारात जात असतं. भिंगातून अनोळखी लाकूड बघून काही कळत नाही. ओळखीचं लाकूड शेजारी ठेवलं की कळतं.

आधी पॉलिश बघा, लाकूड मागाहून. पॉलिशमध्ये रंग घातलेला असतो, त्यावर पन्नास वर्षांचा धूर आणि हाताचा घाम बसतो. त्यामुळे बाहेरून दिसणाऱ्या रंगावर काडीचाही विश्वास ठेवू नका. घोडीच्या मागं किंवा तारा पिळायच्या चाव्यांच्या पत्र्याच्या कडेला, जिथं कुणाची नजर जात नाही तिथं, काडी स्पिरिटमध्ये बुडवून टेकवा. चिकट झालं तर चपडी लाखेचं पॉलिश. स्पिरिटला दाद नाही पण थिनरला मऊ पडलं तर नायट्रोसेल्युलोज. दोन्हींना ढिम्म, तर पॉलियुरेथेन. अंधारात निळ्या टॉर्चखाली लाख नारिंगी चमकते, म्हणून मी आधी टॉर्च मारतो आणि मग काडी. हे शहाणपण मला एका गिटारीच्या तबलीनं शिकवलंय. धूळ पुसायची म्हणून मी फडक्याला स्पिरिट लावून अख्खी तबली पुसायला घेतली आणि हातभर पॉलिश फडक्यावर आलं. ते परत चढवायला अकरा दिवस गेले आणि मजुरी मागायचं तोंड उरलं नाही.

आता तबली. क्लासिकल गिटारीचा आवाज मुख्यतः तबलीत असतो. टोरेस नावाच्या स्पॅनिश कारागिरानं 1862मध्ये हेच दाखवायला पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या करून गिटार बनवली होती, ती आजही बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे. जुन्या गिटारीच्या तबलीत बहुधा दोनच लाकडं सापडतात: स्प्रूस किंवा ज्याला सिडार म्हणतात ते. बाहेरून दोन्ही मधाच्या रंगाची दिसू शकतात, कारण स्प्रूस म्हातारं झालं की पिवळं-तांबूस होतं.

म्हणून आत बघायचं. तारा उतरवा, आरसा भोकातून आत सरकवा, टॉर्च लावा आणि तबलीची खालची बाजू पाहा. तिथं पॉलिश नसतं, ऊनही पोचत नाही. स्प्रूस आतून फिकट, जुन्या वर्तमानपत्रासारखं दिसेल. सिडार आतूनही विटकरी-तपकिरीच असेल. मग भोकाच्या कडेवर, आतल्या अंगाला, पात्यानं केसाएवढी खरवड काढा. स्प्रूस असेल तर खालून सायीसारखा रंग निघतो. आणखी एक खूण भिंगाखाली सापडते. स्प्रूसमध्ये राळेच्या बारीक नळ्या असतात. तबलीवर त्या इथं-तिथं दोन-चार मिलिमीटरच्या पुसट तपकिरी रेघोट्या दिसतात, पेन्सिल घसरावी तशा. तबलीला लागणाऱ्या सिडारमध्ये ह्या नळ्या नसतात. त्याला नख सहज लागतं. पण गिऱ्हाइकाच्या गिटारीवर नखाची परीक्षा घेऊ नका.

आंटींच्या गिटारीची तबली बाहेरून इतकी लाल होती की मी मनातल्या मनात सिडार धरून बसलो होतो. आत आरसा घातला तर पांढुरकी. स्प्रूस. वरची सगळी लाली पॉलिशमधली.

इथं वर्षाचाही उपयोग होतो. क्लासिकल गिटारीच्या तबलीला सिडार लावायची चाल माद्रिदच्या होसे रामिरेझ तिसरा ह्यांनी 1965च्या सुमारास रुजवली. त्याआधीच्या गिटारीवर सिडारची तबली दिसली तर कान टवकारा. चिठ्ठी खोटी असेल, नाहीतर तबली कुणीतरी बदललेली असेल.

सिडार ह्या शब्दापायी माझ्याकडे तीनदा भांडण झालंय, म्हणून तेही सांगतो. खरं सिडार म्हणजे आपला देवदार, हिमालयातला, खोक्यांच्या फळ्यांना वापरतात तो. तबलीला लागतं ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं, थुजा कुळातलं, त्याचा देवदाराशी संबंध नाही. दांडीला लागतं त्याला स्पॅनिश सिडार म्हणतात, आणि ते तर सूचिपर्णीही नाही, महोगनीच्या घरातलं आहे, आपल्या तुणीचं चुलत भावंड. तिन्हींना वास आहे, म्हणून तिन्हींना एकच नाव. बिल लिहिताना नुसतं 'सिडार' लिहू नका.

तबली एकसंध आहे की प्लायवूडची, हे भोकाच्या काठावर कळतं. वरच्या रेषा काठावरून वळून सरळ खाली उतरल्या तर एकच लाकूड. काठावर आडवे थर दिसले तर प्लाय. पाठ आणि बाजूंनाही हीच शंका घ्या: बाहेरची गाठ किंवा काळी रेघ आत त्याच जागी दिसली पाहिजे. बाहेर शिसवी नक्षी आणि आत सपाट फिकट लाकूड, म्हणजे वर नुसती साल चिकटवलेली आहे. हे न बघता एकदा मी एका बाजूला वाफ देऊन पोक काढायला गेलो होतो. पोक गेलं, पण तिन्ही थर पुस्तकाच्या पानांसारखे सुटले.

पाठ आणि बाजू. इथं रमायला मला आवडतं, कारण इथं गिटार आपल्या मुलखात येते.

पिवळट, हलकी पाठ असेल आणि भिंगाखाली तोंडावर एकही छिद्र दिसत नसेल तर ते सायप्रस. स्पेनचं फ्लामेंको संगीत वाजवणाऱ्यांच्या गिटारीला वापरतात, खरवडलं की नाकाला झोंबणारा राळेचा वास येतो. फिकट आहे पण बारीक-बारीक छिद्रं आहेत आणि पाठीवर उजेडात हलणाऱ्या लाटा आहेत, तर मेपल. तांबूस, मध्यम वजनाची, सगळीकडे सारखी छिद्रं पसरलेली, तर महोगनी. एवढ्यावर हे सोडतो. खरा घोळ काळपट-तपकिरी पाठीचा असतो, कारण तिला सगळं जग रोजवूड म्हणतं.

रोजवूड ही एक जात नाही, डालबर्जिया नावाचं मोठं कूळ आहे. त्यातलं ब्राझीलचं वेगळं, आपल्या सह्याद्रीतलं शिसव वेगळं. खानापूरच्या डेपोत लिलावाच्या कागदावर त्याला कन्नडमध्ये बीटे लिहितात. उत्तरेतला शीशम आणखी तिसरा, रंगानं उजळ, सोनेरी झाक असलेला. मराठी माणूस शिसम म्हणतो तेव्हा त्याच्या मनात शिसव असतं आणि फर्निचरवाला शिसम म्हणतो तेव्हा त्याच्या गोदामात शीशम असतो. ह्या एका अक्षरावर कितीतरी लग्नातले पलंग फसलेत.

ब्राझीलनं 1960च्या दशकाच्या शेवटी आपल्या रोजवूडचे ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं आणि जगभरचे गिटारवाले आपल्या शिसवाकडे वळले. म्हणजे 1970 नंतरची गिटार असेल तर पहिला अंदाज आपल्या शिसवाचा धरावा. तरी कारखान्यांकडे जुना साठा असायचा, म्हणून वर्षावर थांबायचं नाही.

डोळ्यांनी बघायचं तर शिसव सरळ रेषेचं, जांभळट-तपकिरी, त्यात काळसर पट्टे, जवळजवळ एकमेकांना समांतर. ब्राझीलचं चॉकलेटी-तांबूस, त्यात शाईनं काढल्यासारख्या काळ्या वाकड्या रेघा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. पण साधं, सरळ कापलेलं ब्राझीलचंही असतं. म्हणून तोंड बघा. आंटींच्या गिटारीचा सांधा कमरेपाशी सुटलाच होता, पाठीची कड थोडी वर उचलली होती. तिथं पातं आडवं धरून एकच हलका काप घेतला. एकच. दोनदा ओढलं की छिद्रं चिरडतात आणि काही दिसत नाही. मग लाळेचं बोट लावलं (पाणीही चालतं) आणि भिंग डोळ्याला टेकवलं. छिद्रं दाट होती. शेजारी नमुन्याच्या पेटीतलं शिसव धरलं, तसंच दाट. तेवढ्याच जागेत ब्राझीलच्या लाकडात छिद्रं साधारण निम्मीच असतात. माझ्याकडे त्याचा नखाएवढा तुकडा आहे, मडगावच्या एका मोडक्या गिटारीच्या घोडीचा. तो मी सोन्यासारखा जपतो.

एवढ्यावर नक्की म्हणायचं नाही. पाठीच्या आतल्या अंगाला, सुटलेल्या सांध्याजवळ, पटाशीच्या टोकानं चिमूटभर भुसा काढला. पांढऱ्या बशीत तीन चिमटी ठेवल्या: आंटींच्या गिटारीची, माझ्या शिसवाची, मडगावच्या तुकड्याची. प्रत्येकीवर स्पिरिटचे दोन थेंब. माझ्या शिसवाभोवती लगेच जांभळं वर्तुळ पसरलं, जांभूळ चावून थुंकावं तसं. मडगावच्या तुकड्याभोवती तपकिरी-नारिंगी. आंटींच्या भुशानं आधी काहीच केलं नाही. मी आणखी एक थेंब टाकला आणि कडेनं जांभळी रेघ उमटली, मग भरली. शिसवाच्या गिटारीवर पॉलिश करणाऱ्यांना हा रंग पक्का माहीत असतो, कारण हाच रंग पाझरून शेजारच्या पांढऱ्या पट्ट्या खराब करतो.

वास घ्यायचाच असेल तर भुसा तळहातावर चोळून घ्या. ब्राझीलच्या लाकडाला खरोखरच गुलाबाचा गोड वास आहे, रोजवूड हे नाव त्यावरून पडलं. आपल्या शिसवाचा वास गोड खरा, पण मसाल्याच्या डब्याकडे झुकणारा. गिटारीच्या भोकाला नाक लावून घेतलेल्या वासावर जाऊ नका, तिथं सरस, पेटीतलं अस्तर आणि डांबरगोळ्या ह्यांचा मिळून एक वास असतो.

बिबळ्याबद्दल एक ओळ, कारण आपल्याकडे जुन्या दुरुस्तीत तो घुसवलेला सापडतो. त्याची ढलपी पाण्यात टाकून पेला उजेडात धरा, पाण्याला निळी झाक येते. बिबळ्याचा पेला साखरेवर औषध म्हणून विकतात, तेच लाकूड, आणि हीच निळी झाक. डालबर्जियाची शंका असलेल्या तुकड्यानं अशी निळाई दाखवली तर बिबळा आधी डोक्यात आणा आणि तोंड शेजारी-शेजारी बघा.

दांडी ओळखायला चाव्यांचे पत्रे काढा. स्क्रू जपून, ते स्क्रू परत मिळत नाहीत. पत्र्याखालचं लाकूड पॉलिशविना, पहिल्या दिवशीसारखं राहिलेलं असतं. स्पॅनिश सिडार असेल तर सिगारच्या खोक्याचा वास येतो आणि वर्षाच्या वलयाला मोठी छिद्रं रांगेत बसलेली दिसतात. महोगनीत छिद्रं सगळीकडे सारखी, वलय फक्त बारीक फिकट रेघेनं कळतं, वास जवळजवळ नाही. मिरजेला सतारीच्या तबलीसाठी तून हातात घेतलेल्या माणसाला स्पॅनिश सिडार ओळखायला भिंग लागत नाही. आंटींची दांडी तीच होती.

पडद्यांखालची पट्टी काळी असली की लोक एबनी म्हणतात, म्हणजे आबनूस, आपल्या टेंभुर्णीच्या कुळातलं. पट्टीचं भोकाकडचं टोक बघा, तिथं तोंड उघडं असतं. एबनीची छिद्रं इतकी बारीक की भिंगाशिवाय दिसत नाहीत. मोठी छिद्रं दिसली तर काळं केलेलं रोजवूड, आणि काहीच छिद्रं ओळखू येत नसून पडदा उपसल्यावर खाचेत फिकट लाकूड निघालं तर रंगवलेलं नासपतीसारखं काहीतरी. आंटींच्या पट्टीची एक खाच मी तपासली. तळापर्यंत काळी.

राहिली घोडी. ती काळी कुळकुळीत होती, एबनीसारखी, पण हातात घेतल्यावर हलकी लागली. उचकटलेल्या बाजूच्या तोंडावर काडी फिरवली तर काडी काळी आणि खाली पिवळट-तपकिरी. पातं मारलं, भिंग लावलं: वर्षाच्या वलयात मोठ्या छिद्रांची रांग, बोटाला तेलकट, चामड्यासारखा वास. खानापूरच्या पोराला हे लाकूड डोळे झाकून सांगता येतं. सागवान. सागवान घोडीला वापरत नाहीत, आणि स्पेनमधल्या कारखान्यात तर नाहीच नाही. म्हणजे इथंच कुणीतरी बसवलेली, वर बुटाचं पॉलिश फासलेलं.

आता सुरुवातीला राहिलेलं ते कारण. दुर्मिळ झाडं-प्राण्यांच्या देशोदेशीच्या व्यापारावर बंधन घालणारा सायटीस नावाचा करार आहे. ब्राझीलचं रोजवूड 1992पासून त्याच्या पहिल्या, सगळ्यात कडक परिशिष्टात आहे. त्याची गिटार देशाबाहेर न्यायची तर परवान्यांची लांबलचक कागदपत्रं लागतात, आणि ती नसली तर विमानतळावर जप्त होऊ शकते. 2017मध्ये सगळं डालबर्जिया कूळ दुसऱ्या परिशिष्टात गेलं, पण 2019च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझीलच्या लाकडाला ही सूट नाही. म्हणून गिऱ्हाइकाला "बहुतेक ब्राझीलचं असेल" असं मोठेपणानं सांगून खूश करू नका. त्याचं लेकरू त्या वाक्यापायी विमानतळावर अडकेल.

शोधलेलं सगळं कागदावर लिहून द्या, आणि कुठल्या खुणेवरून ओळखलं तेही. मी भुशाच्या चिमटी कागदाच्या पुड्यांत बांधून, वर नाव घालून गिटारीच्या पेटीत ठेवतो. पुढच्या मिस्त्रीला पुन्हा खरवडायला नको.

आंटी न्यायला आल्या तेव्हा मी बशी पुढं केली, जांभळं वर्तुळ वाळून तसंच होतं. "म्हणजे ब्राझीलची नाही?" चेहरा उतरला. मी म्हटलं, "नाही आंटी. लाकूड हिकडचंच, आपल्या घाटातलं. इथनं गेलंय, तिथं गिटार झालंय." लिस्बनला कागदपत्रांविना जाईल म्हटल्यावर जरा हसल्या. मग घोडीचं विचारलं. सागवान आहे, बुटाचं पॉलिश लावलंय, नवी शिसवाची घोडी करून बसवलीय, असं सांगितलं तर गप्प झाल्या. "ते ह्यांनी केलं होतं," म्हणाल्या, "स्टोव्ह ठेवायच्या फळीतनं. त्या दिवशी माझी फळी कुठं गेली म्हणून मी दिवसभर शोधत होते."

जुनी घोडी कचऱ्याच्या डब्यातून काढली, पुसली, वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्या हातात दिली.